सपाट माथ्याचे इंजिन आणि जीर्णोद्धाराचा विवेक

जीर्णोद्धार हा शब्द आपण देवळांपुरता राखून ठेवला आहे. देऊळ पडायला आले की गावकरी वर्गणी जमवतात आणि पुष्कळदा उत्साहाच्या भरात मूळच्या दगडावर तैलरंगाचे थर चढवून मोकळे होतात. हाच मोह जुन्या यंत्रांच्या बाबतीतही पडतो. म्हणून अमेरिकेतील एका इंजिनाचा इतिहास आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत. फोर्ड कंपनीचे व्ही-८ ‘फ्लॅटहेड’ इंजिन ते हेच. आजही अनेक हौशी लोक ते नव्याने उभे करतात. पण त्याच्या अनेक पिढ्यांतून कोणते निवडावे, हा प्रश्न त्यांना पहिल्याच पायरीवर अडवतो. आमच्या मते त्याचे उत्तर या इंजिनाच्या जन्मकथेतच दडलेले आहे.

आठ सिलिंडरांचे इंजिन हा त्या काळी श्रीमंतांचा थाट होता. कॅडिलॅकने असे इंजिन १९१४ सालीच बाजारात आणले होते. पुढे १९२९ साली शेव्हरोलेने स्वस्त गाडीत सहा सिलिंडर दिले, तेव्हा हेन्री फोर्ड यांनी एकदम आठांचा ध्यास घेतला. आर्थिक मंदी ऐन भरात असताना, १९३२ च्या मार्चअखेर, त्यांची व्ही-८ गाडी लोकांपुढे आली. इंजिन २२१ घनइंचांचे आणि शक्ती ६५ अश्वांची. आणि साध्या रोडस्टरची किंमत अवघी ४६० डॉलर! मोटारीच्या इतिहासात ही एक लहानशी क्रांतीच होती.

हे साधले कसे? सिलिंडरांच्या दोन्ही रांगा आणि क्रँककेस यांचे मिळून एकच अखंड ओतकाम करून. जोडकाम वाचले, म्हणून किंमत उतरली. व्हॉल्व्ह माथ्यावर नसून सिलिंडरांच्या बाजूला, ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे वरचे झाकण सपाट राहिले, आणि तेच इंजिनाचे नाव झाले. परंतु स्वस्ताईचे मोल कुठेतरी चुकवावेच लागते. व्हॉल्व्ह दोन रांगांच्या मधल्या दरीत होते आणि धूर बाहेरच्या अंगाला सोडायचा होता. तेव्हा तो तप्त वायू ब्लॉकच्या पोटातून, थंड पाण्याच्या वाटेतूनच न्यावा लागे. एका बाजूला सिलिंडर चार, पण धुराची तोंडे तीनच, कारण मधल्या दोघांची वाट एक. परिणामी इंजिन तापे, आणि वर्षानुवर्षे तापलेल्या लोखंडाला तडे जात. ज्या अखंडपणाने हे इंजिन गरिबाच्या दारी आणले, त्याच अखंडपणात त्याचे दुखणे होते.

आता पिढ्या पाहू. पहिल्या इंजिनांत बेअरिंगचा मऊ धातू जागेवरच वितळवून ओतलेला असे. ते काम जाणणारे कारीगर आता विरळा. १९३६ च्या सुमारास मुख्य बेअरिंगांसाठी बदलता येणाऱ्या वाट्या आल्या. १९३७ साली पाण्याचे पंप हेडवरून ब्लॉकवर गेले. त्याच वर्षी ६० अश्वशक्तीचे धाकटे भावंडही निघाले. १९३९ साली मर्क्युरी गाडीसाठी २३९ घनइंचांचे इंजिन झाले आणि युद्धानंतर, १९४६ साली, ते फोर्डलाही मिळाले. याच घराण्याच्या इंजिनांनी महायुद्धात कॅनडात बांधलेले लष्करी ट्रक ओढले. १९४९ साली आराखडा सुधारला: क्लचचे आवरण ब्लॉकपासून सुटे झाले आणि डिस्ट्रिब्यूटरही सोयीच्या जागी आला. मर्क्युरीच्या क्रँकशाफ्टचा फेरा पावणेचार इंचांवरून चार इंच झाला, म्हणून ते इंजिन २५५ घनइंचांचे ठरले. अमेरिकेत हे पर्व १९५३ साली संपले.

मग निवडावे कोणते? केवळ पळवायचे असेल तर १९४९ नंतरचे सोयीचे. आणि मर्क्युरीचा क्रँकशाफ्ट त्यात सहज बसतो, हे कॅलिफोर्नियाच्या कोरड्या सरोवरांवर शर्यती लावणाऱ्या तरुणांनी फार पूर्वीच ओळखले होते. मात्र गाडी १९४८ पूर्वीची असेल, तर त्याआधीचा ब्लॉकच तिच्या गिअरबॉक्सला सरळ जुळतो. आणि गाडी १९३२ ची असून तिचे स्वतःचे इंजिन शाबूत असेल, तर अधिक शक्तीच्या लोभाने ते काढून टाकणे म्हणजे पोथी फाडून नवी बांधणी करणे होय.

तथापि या सर्वांच्या आधी एक कसोटी आहे. साल पाहू नये, ब्लॉक पाहावा. तो आधी उकळत्या क्षारात धुवून स्वच्छ करावा, कारण गंज आणि काजळी यांच्याखाली तडा लपतो. मग चुंबक आणि लोखंडाची भुकटी लावून व्हॉल्व्हच्या बैठकीपासून सिलिंडरपर्यंतचा भाग आणि स्टडांच्या भोकांभोवतालचा भाग तपासावा. पाण्याच्या वाटा दाबाखाली भरून पाहाव्यात. सिलिंडरची भिंत किती जाड उरली ते मोजावे. एवढे झाल्यावाचून पिस्टनवर दमडी खर्चू नये. भंगलेली मूर्ती आपण पूजेला ठेवत नाही; तडा गेलेला ब्लॉक कुशल हातांनी कधी सांधता येतोही, पण तो खर्च पत्करायचा तर डोळे उघडे ठेवून पत्करावा.

यात केवळ हौसेचा प्रश्न नाही. लोखंडाचा प्रत्येक जुना ब्लॉक मर्यादित वेळाच कातता येतो. भिंत एकदा पातळ झाली की गेलेले लोखंड परत येत नाही. अविचाराने निवडलेले इंजिन मालकाचे पैसे बुडवते आणि पुढच्या पिढीचा एक पुरावाही नाहीसा करते. सारांश, जीर्णोद्धाराला हात घालणाऱ्याने आपल्याला काय हवे हे ठरवण्यापूर्वी, हातातली वस्तू काय सोसू शकते हे विचारावे. यंत्राला हा नियम लागू आहे, आणि देवळालाही.