असेंबल कॉम्प्युटर घेताय? प्रोसेसरच्या आधी एसएमपीएस बघा

सुटे पार्ट आणून जोडलेला, म्हणजे असेंबल केलेला कॉम्प्युटर तालुक्याच्या बाजाराला नवा नाही. सेवा केंद्र, झेरॉक्सचे दुकान, फोटो स्टुडिओ, दूध संकलन केंद्र आणि शिकणाऱ्या पोरांच्या घरी तो सर्रास दिसतो. पीक विम्याची शेवटची तारीख, बाहेर रांग आणि मशीन बंद, असा प्रसंग आला की त्या दिवसाचा धंदा तर जातोच, शेतकऱ्याचा अर्जही राहतो. त्यामुळे पार्ट निवडताना नुसता वेग बघून भागत नाही.

कोटेशनमधली शेवटची ओळ

दुकानदाराच्या कोटेशनमध्ये वर प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, एसएसडी असे सगळे नावानिशी लिहिलेले असते. शेवटी 'कॅबिनेट विथ एसएमपीएस' एवढाच उल्लेख असतो. एसएमपीएस म्हणजे भिंतीतली २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या पार्टना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट पुरवणारा डबा. तो हलका निघाला आणि जळताना व्होल्टेज वर गेले, तर बोर्ड आणि डिस्कही सोबत नेतो.

म्हणून एसएमपीएस वेगळा, नावाच्या कंपनीचा आणि निदान ३ वर्षांच्या वॉरंटीचा घ्यावा. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर चांगला ४५० वॅटचा पुरेसा होतो. लेबलवर किती वॅट छापले यापेक्षा १२ व्होल्टच्या रकान्यात किती ॲम्पिअर आहेत ते पाहावे. इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असेल तर व्होल्टेज पडले तरी तो तग धरतो. २०० ते २४० लिहिलेला डबा संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर त्रास देऊ शकतो.

'८० प्लस' या शिक्क्याचा अर्थ ठराविक लोडवर किमान ८० टक्के कार्यक्षमता, म्हणजे वीज कमी वाया जाते, इतकाच. दर्जाची पूर्ण हमी तो देत नाही. लेबलवर बीआयएसचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असेल तर तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून खरा की खोटा ते तपासता येते.

प्रोसेसर आणि बोर्डाची जोडी

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर त्यात अंगचे ग्राफिक्स नसते. वेगळे कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काही दिसत नाही. फॉर्म भरणे, टायपिंग, हिशेब या कामांना 'एफ' नसलेला आय-३ किंवा एएमडीचा 'जी' अक्षराचा रायझेन बरा. सॉकेटही जुळले पाहिजे. इंटेलच्या १२, १३ आणि १४ व्या पिढीला एलजीए १७०० बोर्ड लागतो. एएमडीमध्ये एएम ४ बोर्डाला डीडीआर ४ रॅम आणि एएम ५ ला डीडीआर ५ रॅम लागते. या दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही, जोर लावू नये.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतील मोठ्या प्रोसेसरमध्ये मशीन अडखळण्याचा दोष निघाला होता. २०२४ मध्ये कंपनीने त्यासाठी बायोसची दुरुस्ती दिली आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी २ वर्षांनी वाढवली. असा आय-७ किंवा आय-९ जुना मिळत असेल तर बायोस अपडेट झालेला आहे का, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

'आय-५, एकदम स्वस्त' अशी जाहिरात दिसली की पिढी विचारावी. चौथ्या पिढीचाही आय-५ असतो, पण विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे.

डिस्क आणि रॅम तपासून घ्या

विंडोजसाठी एसएसडीच घ्यावी. जुन्या हार्ड डिस्क पुसून नव्या म्हणून विकल्या जातात. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हे मोफत सॉफ्टवेअर टाकले की डिस्क किती तास चालली ते दिसते. नव्या डिस्कवर हजारो तास दिसले तर ती तिथेच परत करावी. रॅमसाठी 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालू ठेवावे. एक जरी चूक दाखवली तरी रॅम बदलून मागावी. आणि डिस्क कितीही चांगली असली तरी ग्राहकांच्या कागदपत्रांची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच.

अर्थिंग नसेल तर सगळे वाया

महागडा पार्टही अर्थिंगविना टिकत नाही. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही, असेच धरावे. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थमधले व्होल्टेज मोजून घ्यावे. ते साधारण २-३ व्होल्टच्या आत असावे. स्पाइक गार्डही अर्थिंग असेल तरच नीट काम करतो.

लाईट जाण्याचा भरवसा नसलेल्या गावात यूपीएस लागतोच. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॅट नव्हे, तो साधारण ३६० वॅटचाच असतो. फाईल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरता तो पुरतो. त्यावर प्रिंटर जोडू नये. बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते, तो खर्च आधीच धरावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचे असेल तर इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की यूपीएसची पिन काढावी आणि राउटरकडून येणारी लॅन केबलही काढावी.

कॅबिनेट जमिनीवर ठेवू नये. धूळ, उंदीर आणि पाल यांचा शिरकाव मागच्या उघड्या खाचेतूनच होतो. तिथे पट्टी बसवून घ्यावी.

बिल पक्केच घ्या

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर माल स्वस्त मिळतो, पण वॉरंटीसाठी परत जाण्याचे भाडे आणि बुडालेला दिवस हिशेबात धरावा. जवळचे सर्व्हिस सेंटर कुठे आहे, पार्ट घेऊन जायचा की कुरिअरने पाठवायचा, हे आधी विचारावे. बिल जीएसटीचे हवे. त्यावर प्रत्येक पार्टचा मॉडेल आणि सिरियल नंबर लिहून घ्यावा, खोकी वॉरंटी संपेपर्यंत जपावीत.

दुकानदार दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही करता येते, मग माल मुंबईतून घेतलेला असो की ऑनलाइन. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. मात्र हातात पक्के बिल नसेल तर खरेदी सिद्ध करणेच अवघड होऊन बसते.