पाण्याखालचा सातबारा

मावळ तालुक्यातील परंदवडी हे गाव सोमाटणे फाट्यापासून फार दूर नाही. तेथून पवनेच्या खोऱ्याने पश्चिमेकडे निघाले की डोंगर हळूहळू जवळ येऊ लागतात आणि अखेर तुंग, तिकोना, लोहगड ह्या किल्ल्यांच्या कुशीत पवना धरणाचे पाणी पसरलेले दिसते. लोणावळ्यास सहलीला जाणाऱ्या आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी कुटुंबांनी ह्या पाण्याकाठी जेवणाचे डबे उघडले असतील. ह्या पाण्याखाली कोणाची घरे होती, असे त्या वेळी सहसा कोणी विचारीत नाही. आम्हीही बरीच वर्षे विचारले नव्हते.

अशा माणसांसाठी मराठीने 'धरणग्रस्त' हा शब्द घडविला आहे. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त, भूकंपग्रस्त ह्यांच्या पंगतीतला. जणू धरणही आभाळातून कोसळते! वस्तुतः धरण माणसे ठरवितात. त्याची अधिसूचना निघते, मोजणी होते, मोबदल्याचा निवाडा होतो आणि मगच पाणी चढते.

ह्या कहाणीचा आरंभ मावळला लागून असलेल्या मुळशी खोऱ्यात शोधावा लागतो. लोणावळा परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून टाटांच्या कंपनीने १९१५ साली खोपोलीस वीजनिर्मिती सुरू केली होती. त्यानंतर नीला आणि मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ मोठे धरण बांधण्याचे ठरले. कंपनी खाजगी, परंतु जमीन मिळवून देणारे सरकार, आणि सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. विनायकराव भुस्कुटे आणि पां. म. बापट ह्यांनी त्याचे नेतृत्व केले. ह्याच लढ्याने बापट 'सेनापती' झाले. 'जान किंवा जमीन' ही त्या लढ्याची घोषणा होती.

खोऱ्यातील पुष्कळ जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली वा गहाण पडलेली होती. मोबदला वाढवून मिळाला तर सावकाराचे काही बिघडत नव्हते. त्याचे घर पुण्यात होते. कसणाऱ्या मावळ्याला मात्र जमिनीची किंमत नको होती, जमीनच हवी होती. एकाच लढ्यात ही दोन मने होती आणि त्यांतूनच तो खिळखिळा झाला, असे आमचे मत आहे. अहाब राजाने नाबोथाला द्राक्षमळ्याच्या बदल्यात दुसरा मळा किंवा रोख पैसे देऊ केले होते आणि नाबोथाने ते का नाकारले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. १९२४ पर्यंत सत्याग्रह विझला, बापट पुढे सात वर्षांच्या शिक्षेवर गेले आणि धरण उभे राहिले.

पवना धरण स्वतंत्र भारताचे. १९६० नंतरच्या दशकात जमिनी घेतल्या गेल्या व १९७२ च्या सुमारास पाणी अडले. ते पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना आणि कारखान्यांना आले. बाधित खातेदार १,२०३. त्यांपैकी ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली. उरलेल्या ८६३ खातेदारांचा प्रश्न अर्धशतक लोंबकळत राहिला. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. देशातील अशा पहिल्या कायद्यांपैकी तो एक, पण पवनेचे पाणी तोवर चढून गेले होते. शिवाय, संपादन केलेली सगळीच जमीन बुडाली नाही. काही पाणरेषेच्या वर कोरडी राहिली. ती आम्हांला परत द्या, ही धरणग्रस्तांची जुनी मागणी. आज त्याच काठावर शनिवार-रविवारी पर्यटकांचे तंबू लागतात.

दिलेले वचन आणि हाती आलेले घर ह्यांत केवढे अंतर असते, हे युरोपातही दिसून आले आहे. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले, आणि बहुतेक सर्व कॅथॉलिक. १९४८ पर्यंत छावणी रिकामी झाली. परंतु पूर्व पोलंडमधील त्यांची घरे तोवर सोव्हिएत हद्दीत गेली होती. त्याच प्रदेशातून नव्या पोलंडमध्ये हलविलेल्यांना बदल्यात मालमत्ता देण्याचे वचन १९४४ सालीच देण्यात आले होते. ल्वुव शहरातील आजीच्या घराचा असा दावा सांगणाऱ्या एका नातवाला किमतीच्या अवघ्या दोन टक्क्यांवर समाधान मानावे लागले होते. २२ जून २००४ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला: न पाळलेले वचन हाही मालमत्तेच्या हक्काचा भंगच. असे दावेदार सुमारे ऐंशी हजार होते.

पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्कविषयक उपआयोगाने निर्वासित व विस्थापितांच्या घरांविषयीची तत्त्वे संमत केली. ब्राझीलचे पाउलो सर्जिओ पिनेरो ह्यांच्या नावाने ती ओळखली जातात. शक्य असेल तेथे प्रथम घर आणि जमीन परत द्यावी, परत देणे अशक्य असेल तेव्हाच भरपाईकडे वळावे, असा त्यांचा क्रम आहे. मालक नसलेल्या भाडेकरूंचा व वहिवाटदारांचाही त्यांत विचार आहे. मुळशीच्या कुळांना ह्याहून अधिक काय हवे होते? ही तत्त्वे अन्यायाने वा मनमानीने घर हिरावले गेलेल्यांसाठी आहेत. पवनेच्या खातेदारांची जमीन रीतसर कायद्याने घेतली गेली, म्हणून ते त्यांत सहज बसत नाहीत. पण न बुडालेल्या जमिनीला हा रीतसरपणा कितपत लागू पडतो, ह्याविषयी आमच्या मनात शंका आहे.

पवनेच्या जलाशयात वाघेश्वराचे जुने दगडी मंदिर आहे. वर्षातील बराच काळ ते पाण्यात असते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की आधी शिखराकडचा भाग उघडा पडतो, मग भिंती. त्या दिवसांत परिसरातील माणसे ओल्या गाळातून वाट काढीत दर्शनाला जातात. जून सरत आला की पाणी पुन्हा पायरीला लागते.