मिटलेल्या हाताचे माप

नागपंचमीमुळे गाजलेले शिराळा पावसाळ्यात आधी भाताचे गाव असते. तिथल्या खाचरात रोप लावणारा हात क्षणभरही सपाट नसतो. डाव्या मुठीत रोपांची जुडी, उजव्या हाताच्या बोटांत एका जागी रोवायच्या रोपांची चूड. कापणीला डावी मूठ ताटे आवळते, उजवी विळ्यावर मिटते. वारणाकाठच्या उसात कोयत्यावरही तशीच, आणि तिथे उसाच्या पानांची धार हात कापते. या हातांसाठी हातमोजा शिवायचा तर माप कोणत्या हाताचे घ्यावे? माझे उत्तर स्पष्ट आहे: कामात असलेल्या हाताचे. आपली जुनी मापे तशीच घेतलेली होती. वीत म्हणजे ताणलेला पंजा, मूठ म्हणजे आवळलेला, चिमूट म्हणजे जुळलेली बोटे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आठ अंगुळांची धनुर्मुष्टी आहे; नावातच धनुष्य धरलेली मूठ आली. सभासद बखरीतली जमीनमोजणीची काठी पाच हात पाच मुठींची, एकूण 80 तसू. हात 14 तसूंचा, म्हणजे एका मुठीला दोन तसू उरतात. मूठ इथे चक्क सरकारी हिशेबात बसली आहे.

हातमोज्याचे क्रमांक मात्र दुसऱ्या वाटेने आले. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या झाव्हिए जुव्हँ यांनी 1834 मध्ये हातांची मापे घेऊन आकारांची पद्धत बसवली. आजही मोज्याचा आकार मुख्यतः तळव्याच्या घेरावर ठरतो. शहरी, तलम कातड्याच्या मोज्याला ते पुरते. पण मूठ वळली की हाताच्या पाठीवरची कातडी ताणून लांबते, तळव्याची आखडते. सपाट हातावर बेतलेला मोजा मग पाठीवर ओढ देतो, तळव्यात चुण्या धरतो, आणि विळ्यावर लागायची ताकद मोजा वाकवण्यातच खर्च होते.

कोणी म्हणेल, प्रत्येकाची मूठ वेगळी, म्हणून तर 1956 च्या कायद्याने मेट्रिक मापे आणली. बाजारासाठी ते योग्यच झाले. लांब हाताच्या दुकानदाराचा आणि आखूड हाताच्या दुकानदाराचा वार सारखा असायलाच हवा. मात्र मुठीचा घेरही सेंटिमीटरमध्ये मोजता येतो. ताणणारे विणीचे मोजे आहेत, हा दुसरा आक्षेप. ते ताणतात खरे, पण तो ताण दिवसभर बोटेच सोसतात, आणि धारेपासून राखणारे जाड कापड तेवढे ताणत नाही. तेव्हा शिराळ्यातल्या कापणीवालीचा हात तीनदा मोजावा: उघडा, चिमटीत, आणि विळ्याच्या मुठीवर मिटलेला.