नंबर तोच राहिला

किल्ली फिरवतो तो इग्निशन स्विच. शेव्हरोले कोबाल्टमध्ये तो इतका सैल होता की जड जुडग्याने किंवा गुडघ्याच्या धक्क्यानेही चालत्या गाडीचं इंजिन बंद पडायचं. मग धडक झाली तर एअरबॅगही उघडायच्या नाहीत.

फेब्रुवारी २०१४मध्ये जनरल मोटर्सने गाड्या परत बोलावल्या. आकडा वाढत जवळपास २६ लाखांवर गेला. कंपनीच्याच भरपाई निधीने पुढे १२४ मृत्यू ग्राह्य धरले.

माझ्या मते विश्वास तुटला तो सदोष स्विचमुळे नव्हे, त्याच्या गुपचूप दुरुस्तीमुळे. २००६मध्येच स्विचची रचना बदलली होती, पण सुट्या भागाचा नंबर तोच ठेवला. त्यामुळे जुन्या-नव्या गाड्यांतला फरक कागदावर दिसेचना. तो सापडला जॉर्जियात, अपघातात मुलगी गमावलेल्या आईवडिलांनी केलेल्या खटल्यात. त्यांच्या बाजूच्या इंजिनिअरने जुना आणि नवा, दोन्ही स्विच उघडून शेजारी ठेवले, बस्स.

गंमत बघा, त्या वर्षी अमेरिकेत कंपनीची विक्री घटली नाही, उलट वाढली. नव्या गाड्या शोरूममधून बाहेर पडत होत्या. जुन्या गाड्यांचे मालक मात्र नव्या स्विचची वाट पाहत होते. तोवर त्यांना कंपनीचा सल्ला एवढाच होता: जुडगा काढा, नुसती किल्ली लावून गाडी चालवा.