वाडा पाडू नका, उतरवा



गावचा ओस वाडा पाडायचा म्हटलं की जेसीबी येतो आणि दोन दिवसांत सगळ्याचा ढिगारा होतो. पण आपले जुने वाडे खणांच्या मापाने बांधलेले. सागवानी खांब, तुळया आणि कडीपाट एकमेकांत खाचा करून बसवलेले. म्हणून ते उलट्या क्रमाने सुटतातही: आधी कौलं, मग वासे, तुळया, शेवटी खांब. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष दिनकर केळकरांनी पुण्यात आणून आपल्या संग्रहालयात पुन्हा उभे केले. तो महाल आजही तिथे पाहता येतो.

आपल्यासाठी यात अहिंसाही आहे. जुनी तुळई वापरली की तेवढ्यापुरती नव्या सागावर कुऱ्हाड पडत नाही. हाताने उतरवताना आढ्यातलं घरटं, मधाचं पोळं, वटवाघळं दिसतात आणि थांबता येतं. यंत्राला ते दिसत नाही. पिल्लं उडेपर्यंत थांबावं, चातुर्मासात हे काम काढू नये, वाळवीचं लाकूड चुलीत घालू नये.

भावकीत लाकडाची वाटणी होईल, काही विकलंही जाईल. घरच्या चैत्यालयाची चौकट मात्र कुणी विकू नये. ज्याच्या घरी रोज पूजा होते, त्याच्याकडे ती जावी.