शेजारी दुसरा डायव्हर नसेल तर?

घोडपदेवहून माझगाव डॉक चालत जाण्याच्या अंतरावर. तिथं पाणबुड्या बांधतात, हे तुम्हाला माहीत असेलच. आजची गोष्ट तिथून थोडं दक्षिणेला, नौदल गोदीतली.

१४ ऑगस्ट २०१३. मध्यरात्र नुकतीच उलटलेली. आयएनएस सिंधुरक्षक या पाणबुडीत स्फोट झाले आणि ती धक्क्यालाच बुडाली. आत १८ नौसैनिक होते.

पाणी काही फार खोल नव्हतं. पाणबुडीचा थोडा भाग वर दिसतही होता. तरी नौदलाच्या डायव्हरना आतल्या कंट्रोल रूमपर्यंत पोचायला ३६ तासांहून जास्त लागले. दारं अडकलेली, शिड्या वाकलेल्या, पाण्यात तेल आणि चिखल. मोठे दिवे लावूनही काही दिसेना. आणि जागा इतकी अरुंद, की एका वेळी एकच डायव्हर काम करू शकत होता.

हा 'एकच' लक्षात ठेवा, आणि जरा मागे चला. १९४३ साली फ्रान्समध्ये एमिल गान्यां आणि जाक कूस्तो यांनी असा रेग्युलेटर बनवला, जो श्वास ओढला तेव्हाच हवा देतो, आणि तीही भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने. म्हणून छातीवर दाब असूनही श्वास घेता येतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. १० मीटरवर दाब दुप्पट, ३० मीटरवर चौपट. म्हणजे वर तासभर पुरणारी टाकी तिथं पाव तासात संपणार. माणूस घाबरला, तर त्याहून लवकर.

तारकर्लीला स्कूबा केलं असेल, तर इन्स्ट्रक्टरच्या अंगावर पिवळ्या नळीचं जादा माउथपीस दिसलं असेल. त्याला ऑक्टोपस म्हणतात. अनेकांना वाटतं, ती राखीव हवा. अजिबात नाही! टाकी तीच, टाकीच्या तोंडावरचा व्हॉल्व्हही तोच. ऑक्टोपस असतो दुसऱ्यासाठी. दोघं त्यावर आले की टाकी दुप्पट वेगाने रिकामी होते, आणि खोलवर दोघांनी एकदम जोरात ओढलं तर श्वास जडही लागतो. रेग्युलेटर बिघडला तर बहुतेक वेळा बंद पडत नाही, उलट हवा सोडत सुटतो. श्वास मिळतो, पण टाकी बघता बघता संपते. खरी राखीव हवा म्हणजे स्वतःचा रेग्युलेटर असलेली वेगळी छोटी टाकी.

उघड्या समुद्रात निदान वर तरी येता येतं. सिंधुरक्षकच्या आत शेजारी कोणी नव्हतं, आणि डोक्यावर पोलाद होतं. तरी डायव्हर आळीपाळीने आत जात राहिले. १६ ऑगस्टला पहिले मृतदेह बाहेर आले. १८ जणांपैकी कोणीच वाचलं नव्हतं. पाणबुडी वर काढली गेली ती जून २०१४ मध्ये.