सुपाचा कारखाना ते पर्यटकांचा मुक्काम : हेरॉन बेटाची कथा

१/ ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड किनाऱ्यावरील ग्लॅडस्टोन बंदरापासून सुमारे ८० किलोमीटरवर, मकरवृत्तालगत, प्रवाळाच्या वाळूचे एक इवलेसे बेट आहे. लांबी जेमतेम ८०० मीटर. नाव हेरॉन. येथील वन्यजीव पाहण्यासाठी जगभरातून पर्यटक मुक्कामाला येतात. या मुक्कामाची सुरुवात मात्र कासवांच्या कत्तलखान्यातून झाली, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२/ १८४३ मध्ये कप्तान ब्लॅकवुड यांच्या अधिपत्याखालील 'फ्लाय' हे ब्रिटिश सर्वेक्षण जहाज या प्रवाळभिंतींची पाहणी करीत होते. भूवैज्ञानिक जोसेफ बीट ज्यूक्स हेही त्यावर होते. बेटावर आढळलेल्या बगळ्यांवरून त्याचे 'हेरॉन' असे नामकरण झाले.

३/ त्या काळी इंग्लंडमध्ये कासवाचे सूप हे प्रतिष्ठेचे लक्षण होते. लंडनच्या महापौरांच्या मेजवान्यांत त्यास मानाचे स्थान असे. उताणे ठेवलेले कासव दीर्घकाळ जिवंत राहते, म्हणून ते जहाजांतून जिवंतच नेले जाई. डबाबंद करण्याचे तंत्र आल्यावर ती गरज उरली नाही. जेथे कासव, तेथेच कारखाना उभारता येऊ लागला.

४/ १९२०च्या दशकात हेरॉनवर असाच कारखाना उभा राहिला. शिकारीची पद्धत अत्यंत सोपी होती. रात्री अंडी घालण्यासाठी वाळूवर आलेल्या मादीला उताणे करायचे. तिला पुन्हा सरळ होता येत नसे. सकाळी ती तेथेच सापडे.

५/ ही पद्धत इतकी घातक का ठरते? समुद्री कासवांचे नर सहसा किनाऱ्यावर येत नाहीत. त्यामुळे मारल्या जात त्या प्रामुख्याने अंडी घालणाऱ्या माद्या. हिरव्या कासवाला प्रौढ होण्यास ३० वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. एका घरट्यात सुमारे १०० अंडी असली, तरी त्यांतील फारच थोडी पिल्ले प्रौढ होतात. एका रात्रीत झालेली हानी भरून निघण्यास एक पिढी जावी लागते.

६/ कारखाना अल्पायुषी ठरला. १९३२ मध्ये ख्रिश्चन पॉल्सन यांनी त्याच्याच इमारतींत पर्यटकांच्या मुक्कामाची सोय केली. जेथे कासव कापले जाई, तेथे आता कासव पाहायला आलेले लोक राहू लागले.

७/ तरीही कासवाचे हाल तत्काळ संपले नाहीत. अंडी घालून समुद्राकडे परतणाऱ्या मादीच्या पाठीवर बसून सवारी करणे हा प्रवाळ बेटांवरील पर्यटकांचा आवडता खेळ होता. त्यात क्रौर्य आहे, असे त्या काळी फारसे कोणास वाटत नसे.

८/ संरक्षणाची चौकट टप्प्याटप्प्याने उभी राहिली. १९४३ मध्ये बेटावर राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. १९५०च्या दशकारंभी संशोधन केंद्र आकारास आले. क्वीन्सलँडमध्ये १९५० मध्ये हिरव्या कासवाला आणि १९६८ मध्ये समुद्री कासवांच्या सर्व जातींना कायद्याचे संरक्षण लाभले. १९७५ मध्ये ग्रेट बॅरिअर रीफ सागरी उद्यानाचा कायदा झाला आणि १९८१ मध्ये ही प्रवाळभिंत जागतिक वारसा ठरली.

९/ आज पिसोनियाच्या झाडांवर काळ्या नॉडी पक्ष्यांची दाट वस्ती असते. जमिनीतील बिळांत शिअरवॉटर पक्षी राहतात. रात्री त्यांचे विव्हळणे ऐकून नवखा पाहुणा दचकतो. कासवांच्या हंगामात दिवे मंद ठेवावे लागतात, कारण नवजात पिल्ले उजळ क्षितिजाच्या रोखाने समुद्र शोधतात आणि कृत्रिम प्रकाशाने त्यांची दिशाभूल होते.

१०/ आता एक हिशेब मांडून पाहा. कारखाना चालू असताना, १९२५च्या सुमारास, येथील वाळूतून एखादे मादी पिल्लू समुद्रात गेले असे समजा. मादी कासव प्रौढ झाल्यावर सहसा आपल्या जन्मकिनाऱ्याच्या परिसरातच अंडी घालण्यास परतते. म्हणजे ती परतली असेल १९५५च्या सुमारास किंवा त्यानंतर. तिच्या आईच्या वेळी येथे सुपाचे डबे भरले जात होते. तिच्या वेळी कारखाना इतिहासजमा झाला होता, संशोधक बेटावर पोहोचले होते आणि तिच्या जातीसाठी कायदाही झाला होता.

११/ मानवी समाजाची दृष्टी बदलण्यास जेवढा काळ लागला, तेवढ्यात कासवाचे केवळ बालपण सरले होते. म्हणूनच संरक्षणाचा कोणताही निर्णय दहा-पंधरा वर्षांत निष्फळ ठरवण्याची घाई करू नये. त्या निर्णयाने वाचलेली पिल्ले तोवर किनाऱ्यावर परतलेलीही नसतात.